स्वीकृत सदस्याची रिकामी जागा आणि माझ्या कॉम्प्युटरमधली एक फाइल

प्रति,
मा. नगराध्यक्षा, मा. उपनगराध्यक्ष, दोन्ही गटांचे गटनेते आणि सर्व सन्माननीय सदस्य,
नगरपंचायत कार्यालय.

(गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. आपल्या गावच्या माणसाला दोन ओळींत कळेल. बाहेरच्या कुणाला हे त्याच्याच गावचं पत्र वाटलं, तर त्याचंही काही चुकलेलं नाही.)

विषय : स्वीकृत सदस्याची जागा रिकामी झाल्याबाबत.

स. न. वि. वि.

मी तुमच्या कार्यालयासमोरचा झेरॉक्सवाला. ग्रामपंचायत होती तेव्हापासून याच गाळ्यात आहे. तालुक्याच्या गावांतल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं सरकारने २०१४ साली ठरवलं, त्यात तुमची पाटी बदलली. माझी तीच राहिली. तुमच्यातल्या बहुतेकांचे उमेदवारी अर्ज, शपथपत्रं, जात पडताळणीचे कागद माझ्याच मशीनमधून गेलेत, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही.

लिहायला कारण असं, की गेल्या महिन्यात एका स्वीकृत सदस्यांनी (म्हणजे निवडून न येता गटाने नाव देऊन सभागृहात घेतलेल्यांनी) राजीनामा दिला. कारण लिहिलंय ‘वैयक्तिक’. तो राजीनामा मीच टाइप केला. टाइप केला म्हणजे काय, आधीच्या दोघांचा मजकूर होताच, नाव आणि तारीख बदलली. पाच मिनिटांचं काम.

तशीच आणखी एक फाइल माझ्याकडे आहे. ‘स्वीकृत अभिनंदन’ या नावाने कोरलड्रॉमध्ये सेव्ह केलेली. दहा बाय वीसचा फ्लेक्स. वर नेत्यांचे पाच गोल फोटो, मधोमध सत्कारमूर्ती हात जोडून, डाव्या कोपऱ्यात वाघ किंवा सिंह (ज्याची त्याची आवड), आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस पासपोर्ट फोटो. २०२२ पासून या फाइलमधला मधला फोटो तीन वेळा बदलला. चाळीस शुभेच्छुकांपैकी तीसेक तेच आहेत. चार वर्षांत एका खुर्चीवर तीन माणसं, आणि आता चौथा येणार. गावात सगळ्यांना माहीत आहे की हे आधीच ठरलेलं होतं: पहिल्याने सव्वा वर्ष, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आमच्याकडे भिशीसुद्धा अशीच चालते. फरक इतकाच, की भिशीत प्रत्येकाने आधी पैसे भरलेले असतात.

हे पत्र लिहून मी माझ्याच पोटावर पाय देतोय हे मला कळतं. एका खुर्चीमागे तीन फ्लेक्स, तीन सत्काराच्या पत्रिका, दर वेळी शंभरभर रंगीत प्रिंट. शेजारच्या तालुक्यात नगरपरिषदेसमोर माझ्यासारखंच दुकान चालवणारा एक मित्र आहे. तिथे मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता. अभिनंदन कुणाचं करणार? त्याचा फ्लेक्सचा धंदा पार बसला होता. २०२५ च्या डिसेंबरात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक लागली, २ तारखेला मतदान झालं, २१ ला निकाल लागला, तेव्हा कुठे त्याचं मशीन पुन्हा रात्रभर चालू राहिलं. आता तिथेही स्वीकृतसाठी रांग लागली आहे. त्याने मला फोन करून विचारलं, “तुझ्याकडची ती फाइल पाठवतोस का?” पाठवली. म्हणजे माझी फाइलही आता नगरपरिषदेवर गेली.

आपलं नशीब त्या मानाने बरं. आपलं मतदान २१ डिसेंबर २०२१ ला झालं. ओबीसी राखीव प्रभागांची निवडणूक सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने ऐन वेळी थांबली, ते प्रभाग सर्वसाधारण झाले आणि तिथे १८ जानेवारीला पुन्हा वेगळं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची मोजणी. त्या महिन्यात मी काही प्रभागांची पत्रकं दोनदा छापली. सांगायचं कारण, तुम्ही सतरा जण किती खटपटीने त्या सभागृहात पोचलात हे मी पाहिलंय. एकेका मतासाठी पुण्या-मुंबईहून माणसं बोलावलीत, गाड्या केल्यात, अकरा मतांनी पडलेल्या उमेदवाराच्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही. आणि त्याच सभागृहात एक खुर्ची अशी आहे, की जिच्यासाठी एकही मत लागत नाही. ती कुणाला द्यायची हे ठरतं ढाब्यावर. (कुठल्या ते लिहीत नाही. मालक माझा गिऱ्हाईक आहे.)

मी काही कायद्याचा माणूस नाही. पण तीस वर्षं लोकांच्या कागदांची झेरॉक्स काढली की मधली पानं वाचून होतात. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली, तिने नगरपालिका-नगरपंचायतींचा भाग घटनेत आला. त्यातलं कलम २४३-आर सांगतं, की सदस्य थेट निवडणुकीने यावेत. पण राज्याला वाटलं तर नगरपालिका प्रशासनाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या माणसांनाही सभागृहात घेता येईल. आणि लगेच खाली अट: अशा माणसांना सभेत मत देता येणार नाही. आपण ज्याला स्वीकृत म्हणतो आणि सरकारी कागदावर जो ‘नामनिर्देशित’ असतो, तो या दारातून येतो.

मत नाही, ही अट मला फार शहाणपणाची वाटते. त्या माणसाकडून ठराव पास होणार नाही की पडणार नाही, अविश्वासाच्या वेळी त्याला पळवून कुठल्या रिसॉर्टवर ठेवायची गरज नाही. मग त्या खुर्चीत उरलं काय? बोलणं. कागद वाचून प्रश्न विचारणं. त्या खुर्चीची सगळी किंमत तेवढीच. आणि आपण तिथे बसवलेल्या तिघांनी चार वर्षांत मिळून किती वेळा तोंड उघडलं हे इतिवृत्तात पाहा. इतिवृत्ताच्या प्रती मीच काढतो. ‘अनुमोदक’ म्हणून एका ठिकाणी नाव दिसलं. ते कसं, याचं मला अजून कोडं आहे.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा विषय आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला असं म्हणत एकट्या फुल्यांनी विरोध नोंदवला. बाकी सगळे बाजूने. ठराव काही त्यांनी अडवला नाही, तो झालाच. आपल्या सभागृहात खुर्च्यांच्या मागे भिंतीवर त्यांची तसबीर आहे, ११ एप्रिलला तुम्ही हार घालता. त्या तसबिरीच्या बरोबर खाली स्वीकृत सदस्य बसतात.

आता विषय क्रमांक ११.

मागच्या वर्षीची सर्वसाधारण सभा. विषयपत्रिकेच्या जास्तीच्या प्रती द्यायला मी वर आलो होतो आणि दारातच उभा राहिलो, कारण विषय माझ्या दुकानासमोरच्या रस्त्याचा होता. बाजारपेठेतली जुनी जलवाहिनी बदलून नवी टाकायची, सरकारच्या नगरोत्थान योजनेतून, अंदाजपत्रकास मंजुरी देणे. मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं. एका सदस्यांनी विचारलं, आमच्या प्रभागात कधी? दुसऱ्या म्हणाल्या, आमच्याकडे तर गटारही नाही. दोन मिनिटं तेच. मग “मंजूर, मंजूर.” स्वीकृत सदस्य मोबाइलवर मॅच बघत होते. आवाज बंद ठेवला होता, एवढी सभेची अदब त्यांनी राखली.

तो रस्ता आठच महिन्यांपूर्वी काँक्रीटचा झाला होता. ‘वैशिष्ट्यपूर्ण’ नावाच्या दुसऱ्या सरकारी योजनेतून. नारळ फुटला तेव्हाचा फ्लेक्सही माझाच. दोन योजना, दोन फाइली, दोन वर्षं, कागदावर सगळं बरोबर. रस्त्याच्या फाइलमध्ये पाइप नाही आणि पाइपच्या फाइलमध्ये रस्ता नाही. या दोन फाइली शेजारी-शेजारी ठेवून बघायचं काम कुणाचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. नगरसेवक आपल्या प्रभागाचं बघतो, त्यात त्याची चूक नाही, त्याला पुन्हा मतं मागायची आहेत. अभियंत्याकडे दोन नगरपंचायतींचा कार्यभार. मुख्याधिकारी येऊन चार महिने झालेले, त्यांना जुना रस्ता कसा माहीत असणार? म्हणजे ते काम नेमकं त्या बिनमताच्या खुर्चीचं होतं. “साहेब, हा रस्ता आपण आत्ताच केला ना?” एवढं एक वाक्य.

नंतर कटर आला. तीन दिवस काँक्रीट कापलं. ती सिमेंटची पिठी माझ्या मशीनच्या काचेवर अशी बसली, की प्रत्येक झेरॉक्सवर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ यायला लागली. अॅडमिशनचे दिवस होते. पोरांच्या मार्कशीटवर रेघ, उत्पन्नाच्या दाखल्यावर रेघ, एका म्हातारीच्या श्रावणबाळच्या अर्जावर तिच्या फोटोच्या मधोमध रेघ. स्पिरिटने काच पुसायचो, दहा प्रतींनी पुन्हा हजर. ती म्हातारी म्हणाली, “राहू दे बाबा, सरकारला माझं तोंड कुठं बघायचंय.” मी तिला पैसे लावले नाहीत. खड्डा बुजवला, पण काँक्रीटवर डांबराचं ठिगळ लावलं, ते अजून तसंच आहे. तुम्ही रोज त्यावरून गाडी नेता.

याच पाण्याच्या विषयातली दुसरी गोष्ट. आपल्याकडे पाणी चार दिवसांआड. कुठल्या आळीत किती वाजता, हे एका माणसाला माहीत: आपला जुना व्हॉल्व्हमन. ग्रामपंचायतीच्या काळापासून रोजंदारीवर होता, पुढे काम ठेकेदाराकडे गेलं आणि त्याला थांबवलं. गावाखालच्या जुन्या बिडाच्या लाइनचा नकाशा कार्यालयात नाही. होता म्हणतात, पाटी बदलताना कपाट हललं त्यात गेला. एक दिवस हा माणूस रेशन कार्डाची प्रत काढायला आला, बोलता बोलता त्याने खराब झालेल्या एका झेरॉक्सच्या पाठीवर बॉलपेनने सगळं गाव काढलं. टाकी, मारुतीचं देऊळ, मशिदीचा कोपरा, एसटी स्टँड. व्हॉल्व्ह गोलाने दाखवले आणि प्रत्येकापुढे आकडा: इथे चावीचे नऊ आटे, इथे साडेचार, इथे दोनच, “नाहीतर वरच्या आळीला थेंब जात नाही.” एका गोलावर फुली होती. तो व्हॉल्व्ह काँक्रीटच्या रस्त्याखाली गेलाय. कोणत्या रस्त्याखाली, हे आता मी वेगळं सांगत नाही.

तो कागद माझ्या गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. या व्हॉल्व्हमनला स्वीकृत करा, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल, आणि नियमातही तो बसत नाही. नियमात डॉक्टर आहेत, वकील आहेत, अभियंते, सनदी लेखापाल, निवृत्त मुख्याधिकारी आहेत. रात्री साडेतीनला बॅटरी आणि चावी घेऊन गाव फिरणारा त्यात नाही. अनुभव म्हणजे काय, याची सरकारची आणि माझी कल्पना जरा वेगळी आहे. पण सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या जीवन प्राधिकरणात नोकरी करून निवृत्त झालेले अभियंते गावोगाव आहेत, आपल्याकडेही आहेत. सकाळी टेकडीवर फिरायला जातात आणि संध्याकाळी पारावर बसून नगरपंचायतीला नावं ठेवतात. त्यांच्यातल्या एकाला खुर्चीत बसवा, त्याच्यासमोर हा कागद ठेवा आणि व्हॉल्व्हमनला एक चहा पाजा. निम्मं काम तिथेच होईल.

नियमातलं एक दार मात्र मोठं आहे. नोंदणीकृत सामाजिक संस्थेचे पदाधिकारी. आपले तिघेही त्याच दारातून आले, आणि दुसऱ्या गावांतले किती येतात ते माझ्यासारख्या दुकानदारांना विचारा. इथे मला स्वतःबद्दलही सांगायला हवं. त्या संस्थेचं लेटरहेड मी डिझाइन केलं. कार्याचा अहवाल मी टाइप केला. वृक्षारोपण, चष्मेवाटप, रक्तदान. फोटो कमी पडले तेव्हा एकाच वृक्षारोपणाचे दोन बाजूंनी काढलेले फोटो दोन वर्षांचे म्हणून लावले, तेही मीच. कागद खोटे होते असं म्हणता येणार नाही. संस्था खरीच आहे, फक्त ती कुणी काम करताना पाहिलेली नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात छाननी होते ती कागदांची. कागद चांगले होते. मला त्या कामाचे साडेतीनशे रुपये मिळाले.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. पंचवीस वर्षं पक्षाचं काम केलेला कार्यकर्ता असतो. सतरंज्या उचलतो, बूथवर बसतो, साहेबांच्या सभेला चार टेम्पो भरून नेतो. तिकीट वाटताना त्याला सांगितलं जातं, “या वेळी थांब, तुला स्वीकृतमध्ये घेऊ.” किंवा तिकीट मिळतं आणि तो थोडक्यात पडतो. त्याला काय द्यायचं? हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे याचं पुरतं उत्तर नाही. त्याला मान मिळालाच पाहिजे. पण त्याचं देणं पक्षाचं आहे. पक्षाने पक्षाच्या खिशातून द्यावं. गावाच्या खिशातून का? आणि दिलंत तरी सव्वा वर्षाने काढून घेता. पहिले स्वीकृत सदस्य राजीनाम्यावर सही करायला दुकानात आले तेव्हा त्यांनी विचारलं, “लेटरहेड शंभर छापून घेतली होती, ऐंशी उरलीत. ‘माजी’ असा शिक्का मारता येईल का?” मी शिक्का करून दिला. त्या माणसाचा चेहरा पाहिला असतात तर तो मान होता की काय, याचा तुम्हीच विचार केला असता.

आणि उलटंही सांगतो, नाहीतर म्हणाल हा शिकलेल्यांची वकिली करतो. निवृत्त साहेब लोकही काही सोपे नसतात. एखादा असा मिळेल की तो प्रत्येक सभेत १९८७ सालच्या आपल्या पोस्टिंगची गोष्ट सांगेल. डॉक्टर आहेत, पण त्यांना दुपारच्या सभेला ओपीडी सोडता येणार नाही. म्हणून नुसती पदवी बघू नका. या माणसाला आपल्या नगरपंचायतीचा कागद वाचता येतो का, आणि वाचून चार लोकांत बोलता येतं का, हे बघा.

कोणता कागद? एकच उदाहरण देतो. करमूल्यांकनाच्या नोटिसा निघाल्या तेव्हा हरकतींची मुदत संपायच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानासमोरची रांग तुमच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. हरकतीचा नमुना मी एकदाच टाइप केला, दहा रुपयाला एक, लोक नाव आणि मालमत्ता क्रमांक घालून नेत होते. संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं की निम्म्या लोकांची तक्रार एकच आहे: पत्र्याचं घर आरसीसी म्हणून लागलंय. म्हणजे एकेकाची चूक नव्हती, मोजणी करणाऱ्याने एक अख्खा पट्टाच चुकीच्या रकान्यात टाकला होता. हे मला कळलं, कारण सगळे अर्ज माझ्या हातून जात होते. सभागृहात एक जरी माणूस असा असता की ज्याने ती आकारणी यादी आधी चाळली असती, तर नोटिसा निघण्यापूर्वीच हे दिसलं असतं. गावातले शे-दोनशे लोक एक दिवसाची मजुरी बुडवून उन्हात उभे राहिले नसते. हां, माझे हजार-दोन हजार बुडाले असते.

तसंच निधीचं. १५ व्या वित्त आयोगाचे जे पैसे आपल्यासारख्या नगरपंचायतींना आले, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले होते. ते कशावर खर्च झाले, किती पडून राहिले, हे विचारायला लेखापरीक्षकच यावा लागतो, आणि तो येतो तेव्हा पैसे गेलेले असतात. गावात दोन सीए आहेत. त्यातली एक मुलगी पुण्यात आर्टिकलशिप करून परत आली, गावातल्या निम्म्या दुकानांचे जीएसटीचे रिटर्न तीच भरते. तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. निवडून आलेल्या सतरांत महिला नऊ, कारण तिथे आरक्षण आहे. स्वीकृतमध्ये आजवर एकही नाही, कारण तिथे आरक्षण नाही. यावर मी जास्त लिहीत नाही, नगराध्यक्षा ताईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

डंपिंग ग्राउंड आणि विकास आराखडा यांवर लिहायला बसलो तर मशीन बंद करून बसावं लागेल, ते राहू दे.

तुम्ही काय करावं, तर फार काही नाही. ही जागा संख्याबळाप्रमाणे सत्ताधारी गटाची आहे, नाव गटनेते देणार, कागद जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार, विशेष सभेत नाव जाहीर होणार. तुमचा हक्क तुमच्याकडेच राहू द्या. फक्त नाव पाठवायच्या आधी पंधरा दिवस खालच्या नोटीस बोर्डवर एक कागद लावा: जागा रिकामी आहे, नियमात कोण बसतं ते असं, ज्याची इच्छा आहे त्याने अर्ज द्यावा. कोणत्याही नियमाने तुम्हाला तसं करायला मनाई केलेली नाही. अर्ज आले की एका रविवारी सभागृह उघडा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. विषय एकच ठेवा, या वर्षीचं अंदाजपत्रक. ते फेब्रुवारीत मंजूर होतं आणि त्यानंतर कुणी उघडत नाही. प्रत आधी देऊन ठेवा, आणि मग प्रत्येकाने सांगावं की यात त्याला काय दिसलं. लोक मागे बसतील. त्यानंतरही तुम्हाला आपला माणूस घ्यायचा असेल तर जरूर घ्या, तो तुमचा अधिकार. निदान त्याने अंदाजपत्रक एकदा हातात धरलेलं असेल.

माझा स्वतःचा अर्ज येणार नाही, हेही लिहून ठेवतो. मी बारावी नापास, कुठल्याही संस्थेचा पदाधिकारी नाही, आणि सभागृहात बसलो तर दुकान कोण बघणार?

अर्जांच्या आणि अंदाजपत्रकाच्या जेवढ्या प्रती लागतील त्या मी फुकट काढून देतो. ड्रॉवरमधला पाण्याचा नकाशाही देतो, पण तो ज्याला आट्यांचे आकडे समजून घ्यायचे आहेत त्यालाच. आणि अशा रीतीने जो कुणी निवडला जाईल, मग तो कोणत्याही गटाचा असो, त्याचा फ्लेक्स माझ्याकडून. वाघ-सिंह लावणार नाही, एवढी सूट मला द्या.

मुदत संपायला वर्षभर राहिलंय. एका माणसाने कामाला सुरुवात करून एक-दोन फाइली शेजारी ठेवून बघायला तेवढं पुरतं.

काल रात्री अकराच्या सुमारास एका नंबरवरून मला व्हॉट्सअॅपवर फोटो आलाय. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, हात जोडलेले. खाली मजकूर: “मधला फोटो हा टाका. तारीख नंतर सांगतो.” मी अजून तो डाउनलोड केलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नगरपंचायतीसमोरचा झेरॉक्सवाला
मतदार, प्रभाग क्रमांक ९

ता. क. मागच्या दोन फ्लेक्सचे पैसे बाकी आहेत. तिघांपैकी नक्की कुणाकडे मागायचे, ते गटनेत्यांनी कळवावं.